थंडीची वर्दी

शरद ऋतूचें नांव निघालें कीं आमच्या भाषेंतील लेखकांस चांदणें आठवतें. निरभ्र आकाश, निवळलेलीं नद्यांचीं पात्रें, कोजागिरीचें आटवलेलें दूध, अंगणांत पडलेला प्राजक्ताचा सडा. ही सामग्री इतकी ठरून गेलेली आहे कीं, एखाद्यानें शरदावर लिहावयास घेतलें म्हणजे वाचकानें न वाचतांच मान डोलवावी. या वर्णनाशीं आमचें भांडण नाहीं. परंतु पुण्यामुंबईकडील वाचकांस आम्ही नम्रपणें सांगूं इच्छितों कीं, आमच्या चांदा-गडचिरोलीच्या झाडींत शरद ऋतु असा एकाच रंगाचा कधींच नसतो. येथें तो तीन पाहुण्यांचा ऋतु आहे. पहिला पाहुणा म्हणजे आश्विनांतला उकाडा. दुसरा म्हणजे बंगालच्या उपसागरांतून येणारें वादळ. आणि तिसरा, उत्तरेकडून येणारा कोरडा, गार वारा. पहिला नेमानें येतो, दुसरा बोलावल्यावांचून येतो, आणि तिसऱ्याची आम्ही वाट पाहत असतों. तिघांची गांठ एकाच महिन्यांत पडली म्हणजे यजमानाची कशी त्रेधा उडते, हें २०२५ सालच्या कार्तिकांत आम्हीं पाहिलें. त्यांत आमचा स्वतःचा एक अपराधहि झाला. तोच येथें सांगावयाचा आहे.

चांदा हें नांव आम्ही जुन्या संवयीनें लिहितों. सरकारी कागदांत आतां चंद्रपूर आहे. परंतु गोंदियाकडे जाणाऱ्या रेल्वेमार्गावरील स्टेशनानें ‘चांदा फोर्ट’ हें नांव अद्याप सोडलेलें नाहीं, आणि आमच्या थोरल्या काकूंनींहि सोडलेलें नाहीं. २६ ऑगस्ट १९८२ रोजीं या जिल्ह्याचा पूर्वेकडील भाग तोडून गडचिरोली जिल्हा करण्यांत आला. कागदावर रेघ पडली. पण दोहोंचें आकाश एकच राहिलें. सातपुड्याच्या अंगानें उगम पावलेली वैनगंगा दक्षिणेकडे वाहत येऊन दोन्ही जिल्ह्यांना शिवत जाते, पुढें वर्धेला मिळून प्राणहिता होते, आणि सिरोंच्यापाशीं गोदावरींत लीन होते. गडचिरोलीच्या भूमीचा सुमारें सत्तर टक्के भाग वनाखालीं आहे. चंद्रपूर समुद्रसपाटीपासून जेमतेम दोनशें मीटर उंच. त्यामुळें वैशाखांत पारा ४७ अंशांच्या पुढें जातो आणि वर्तमानपत्रांत आमच्या गांवाचें नांव ठळक अक्षरांत छापून येतें. उन्हाळ्याची ही कीर्ति सर्वश्रुत आहे. मात्र येथल्या थंडीविषयीं कोणी विचारीत नाहीं. ती गरिबाघरच्या लेकीसारखी न बोलतां येते आणि आपलें काम करून जाते.

आमच्या वाड्यांत हवामानाचीं भाकितें करणारीं खातीं एकंदर चार. पहिलें थोरल्या काकूंचें. काकूंचें वय चौऱ्यायशी. त्यांचा उजवा गुडघा पावसाची वर्दी दोन दिवस आधीं देतो, असा त्यांचा दावा आहे, आणि तो खोटा ठरल्यास दोष पावसाचा असतो, गुडघ्याचा नव्हे. दुसरें आमच्या दादांचें. ते पंचांग उघडून हस्त, चित्रा आणि स्वाती या तीन नक्षत्रांचीं वाहनें पाहतात. तिसरें पुण्याहून दिवाळीस येणाऱ्या पुतण्याचें. त्याच्या मोबाईलवर उपग्रहानें घेतलेलीं ढगांचीं चित्रें दर अर्ध्या तासानें हलत असतात. चौथें खातें आमचें. आम्हीं बत्तीस वर्षें शाळेंत भूगोल शिकविला. त्यामुळें बाकीच्या तिन्ही खात्यांचें म्हणणें शांतपणें ऐकून घेऊन शेवटचा निकाल देण्याचा अधिकार आमचा आहे, अशी आमची प्रामाणिक समजूत होती.

या समजुतीला आधारहि होता. थंडी कशी येते, हें आम्हीं किती पिढ्यांना शिकविलें असेल! पाठ्यपुस्तकांत ‘शीत आघाडी’ असा शब्द येतो. पहिल्या महायुद्धाच्या अखेरीस नॉर्वेमधील बर्गेन शहरीं व्हिल्हेल्म ब्यर्कनेस, त्यांचे चिरंजीव याकोब आणि त्यांचे सहकारी यांनीं ती कल्पना मांडली. थंड हवेचा एक प्रचंड समूह आणि उबदार हवेचा दुसरा, हे जेथें एकमेकांस भिडतात, तेथें रणांगणावरील आघाडीसारखी एक रेषा असते, असें त्यांचें म्हणणें. सारें युरोप युद्धानें पोळलेलें होतें; तेव्हां आकाशांतील झटापटीलाहि रणभूमीवरचेंच नांव मिळालें यांत नवल नाहीं. फळ्यावर निळ्या खडूनें दातेरी रेघ काढून आम्ही ती मुलांना समजावून देत असूं.

परंतु युरोपांतील ती रेघ जशीच्या तशी आमच्या झाडींत येत नाहीं. आमच्याकडे जें घडतें तें असें. भूमध्य समुद्राच्या बाजूनें निघालेले पश्चिमी विक्षोभ इराण-अफगाणिस्तान ओलांडून हिमालयापर्यंत येतात आणि काश्मीर-हिमाचलांत पाऊस वा बर्फ पाडतात. असा एखादा विक्षोभ पूर्वेकडे सरकला म्हणजे त्याच्या पाठीमागून कोरडी, थंड हवा पंजाब, राजस्थान, मध्य प्रदेश अशा मुक्कामांनीं खालीं येते आणि सातपुडा ओलांडून वैनगंगेच्या खोऱ्यांत उतरते. तिच्याबरोबर गडगडाट नाहीं, पाऊस नाहीं. एके दिवशीं सायंकाळीं दाराची फळी लावतांना हाताला तिचा स्पर्श होतो, एवढेंच. पुढचें काम जमीनच करते. आकाश स्वच्छ असलें आणि हवेंत दमटपणा नसला म्हणजे दिवसभर सांठविलेली ऊब जमीन रात्रीं मोकळ्या हातानें आकाशाला देऊन टाकते आणि पहांटे स्वतः गारठून बसते. ढग म्हणजे जमिनीचें पांघरूण. तें काढलें कीं थंडी. घातलें कीं ऊब.

याविषयीं आपल्याच देशांत लागलेला एक शोध आम्ही मुलांना आवर्जून सांगत असूं. पुण्यास कृषि-हवामानशास्त्राचें काम उभें करणारे रामदास या शास्त्रज्ञांनीं १९३२ सालीं असें दाखवून दिलें कीं, निरभ्र, शांत रात्रीं सर्वांत थंड हवा अगदीं जमिनीला चिकटून नसते. ती वीत-दोन विती वर असते. पुष्कळ विद्वानांना हें प्रथम खरें वाटेना. पण पुढें इतरांनींहि मोजून पाहिलें आणि तें खरें ठरलें. शेतांतलें पीक, पाळण्यांतलें मूल आणि ठेंगण्या बाजेवर निजलेला म्हातारा माणूस हीं सारीं नेमकीं त्याच उंचीवर असतात, असें आम्ही वर्गांत म्हणत असूं. मुलें हंसत, आणि आपण फार मोठें बोललों असें वाटून आम्हीहि हंसत असूं.

असो. आतां मूळ गोष्टीकडे वळूं.

मूल आणि सिंदेवाही यांच्या दरम्यान एका खेड्यांत आमची वडिलोपार्जित थोडीशी धानाची शेती आहे. ती आम्ही स्वतः कसत नाहीं. कसण्याचें ज्ञान आमच्या घराण्यांतून दोन पिढ्यांपूर्वींच गेलें. पस्तीस वर्षांपासून एकच गृहस्थ ती बटईनें करीत आले आहेत. पीक निघालें म्हणजे निम्में त्यांचें, निम्में आमचें. त्यांचें वय आमच्याहून पांच-सहा वर्षांनीं अधिक. आमच्या घरांतील लहानथोर सारीं त्यांना ‘मामाजी’ म्हणतात, आणि ते आम्हांस ‘भाऊ’ म्हणतात. त्यांची बोली झाडीची. तींत ‘ळ’ चा उच्चार ‘र’ होतो. डोळ्याचा डोरा आणि आभाळाचें आभार. पुण्यास वाढलेला आमचा पुतण्या लहानपणीं एकदां त्यांच्याबरोबर बांधावर उभा होता. मामाजी वर पाहून “आभार आलं” म्हणाले. तेव्हां कोणाचे आभार मानावयाचे हें न कळून त्यानें घाईघाईनें हात जोडले. ही गोष्ट आमच्या घरीं दर दिवाळीस निघते.

त्या वर्षीं भाऊबीज २३ ऑक्टोबरला झाली. दुसऱ्या दिवशीं मामाजी फराळास आले. धान पिकून पिवळें झालें होतें. हलक्या जातीचें धान लोकांनीं दिवाळीपूर्वींच कापून घेतलें होतें. आमचें मध्यम मुदतीचें, कापणीला आलेलें. पुतण्याची रजा २ नोव्हेंबरपर्यंत होती. वांटणी त्याच्यासमोर व्हावी, त्यानें एकवार शेत पाहावें, त्याच्या मुलांनीं पुंजणें रचलेलें पाहावें, अशी आमची इच्छा होती. शिवाय भाऊबीजेनंतर झाडींत गांवोगांव मंडई भरते, रात्रीं दंडार आणि नाटकें होतात, वडशाच्या नाटक-मंडळ्यांच्या गाड्या गांवोगांव फिरूं लागतात; मग कापणीला माणूस मिळत नाहीं. म्हणून आम्हीं सुचविलें कीं, रविवारपासून कापणी धरावी.

मामाजी कांहीं वेळ करंजी हातांत धरून बसले. मग म्हणाले, “भाऊ, आभार बरं नाई दिसत. चार दिस थांबून मंग कापू.”

आम्हीं आकाशाकडे पाहिलें. तें अगदीं निळें होतें. परंतु वारा पूर्वेकडून येत होता व त्यांत दमटपणा होता, एवढें आमच्याहि ध्यानांत आलें. पुतण्यानेंहि मोबाईल पाहून सांगितलें कीं, बंगालच्या उपसागरांत कमी दाबाचा पट्टा होत असल्याची सूचना आहे. काकूंनीं माजघरांतून गुडघ्याची साक्ष पाठविली. दादांनीं स्वातीचें वाहन सांगितलें. म्हणजे आमच्या घरच्या तिन्ही खात्यांनीं आणि शेताच्या खऱ्या जाणकारानें मिळून एकच कौल दिला होता. राहिलें होतें तें आमचें खातें.

आम्हीं निकाल दिला. बंगालच्या उपसागरांतील बहुतेक वादळें ओरिसाकडे जातात, असें आम्हीं सांगितलें. २०१३ सालचें ‘फायलिन’ गोपाळपूरला गेलें, २०१४ सालचें ‘हुडहुड’ विशाखापट्टणला. आपण कोठें, तें कोठें! आणि आतां उत्तरेचा वारा सुटण्याचे दिवस आले, तो आला कीं दमट हवा मागें हटते, असेंहि आम्हीं समजावून दिलें. शास्त्र म्हणून यांत फारसें चुकीचें कांहीं नव्हतें. चूक होती ती वेगळीच. आम्ही हवामानाचा अंदाज सांगत नव्हतों. पुतण्याच्या रजेचा हिशेब सांगत होतों, आणि त्याला शास्त्राचा अंगरखा घातला होता. मामाजींनीं पुन्हां एकदां वर पाहिलें, करंजी खाल्ली, आणि “तुमी म्हणता तर” एवढेंच म्हणून ते उठले.

रविवारीं व सोमवारीं कापणी झाली. ज्यांनीं धानाची शेती पाहिलेली नाहीं अशा वाचकांसाठीं येथें थोडें सांगणें अवश्य आहे. कापलेलें धान लगेच घरीं आणतां येत नाहीं. मुठी-मुठींनीं कापून तें बांधींतच आडवें पसरून ठेवतात. त्याला कडपा म्हणतात. दोन-चार दिवसांचें ऊन खाऊन तो वाळला म्हणजे भारे बांधून पुंजणें रचतात, आणि सवडीनें मळणी करतात. उभ्या धानावर पाऊस आला तर तें लोळतें. पण त्यांतलें पुष्कळ हातीं लागतें. पुंजण्यावर पाऊस आला तर वरचा थर भिजतो, आंतलें वांचतें. परंतु कडपा जमिनीवर असतांना पाऊस आला, तर बांधींत पाणी सांचून लोंब्या त्यांत बुडतात, दाणा काळा पडतो आणि त्याला कोंब फुटतात. वर्षभराच्या कष्टांत शेतकरी सर्वांत निराधार असतो तो याच दोन-चार दिवसांत. आणि नेमके तेच दिवस आम्हीं त्याच्यासाठीं निवडले होते.

सोमवारीं सकाळींच उपसागरांतील तें वादळ नांवारूपाला आलें. ‘मोंथा’ असें त्याचें नांव; थायलंड देशानें सुचविलेलें, आणि एका सुवासिक फुलाचें, असें सांगतात. मंगळवारीं, २८ तारखेच्या रात्रीं, तें आंध्रच्या किनाऱ्यावर काकिनाड्याच्या बाजूस चढलें. किनाऱ्यावर चढलेलें वादळ जमिनीवर येऊन दुबळें होतें खरें. परंतु वारा ओसरला तरी पोटांतलें पाणी त्याला कोठें तरी रितें करावेंच लागतें. त्याचे ढग तेलंगणावरून आणि छत्तीसगडच्या दक्षिण भागावरून आमच्या झाडीवर आले. ओरिसाचा रस्ता त्यांना कोणी दाखविला नव्हता.

बुधवारीं पहांटे वाड्याच्या पन्हळींतून पाणी पडण्याचा आवाज आला आणि आम्ही जागे झालों. तो आवाज पुढें दोन दिवस थांबला नाहीं. मुसळधार असा तो पाऊस नव्हता. तसा असता तर निदान त्याला दोष देतां आला असता. तो बारीक, सोशिक, न संपणारा पाऊस होता. घरांत कोणीहि आम्हांस कांहीं म्हणालें नाहीं. काकूंनीं गुडघ्याचा उल्लेखहि केला नाहीं, आणि त्यामुळें आम्हांस अधिकच वाईट वाटलें. पुतण्या आपल्या मोबाईलवरचें चित्र आमच्यासमोर न धरतां खिशांत ठेवीत असे.

शुक्रवारीं पाऊस उघडल्यावर आम्ही दोघे चांदा फोर्टाहून गाडींत बसून गेलों. मामाजी, त्यांचा मुलगा आणि सून बांधींतून भिजलेला कडपा उचलून धुऱ्यावर उलटा करून टाकीत होतीं. धुऱ्याच्या उंचवट्यावर पडलेला भाग बरा होता. खोलगट बांध्यांतला गेल्यांत जमा. आम्हीं वांकून एक लोंबी हातांत घेतली. टोंकाला पांढरा कोंब फुटला होता. आम्हीं क्षमा मागावयास तोंड उघडलें, तोंच मामाजी म्हणाले कीं, नातसून गांवांतच बाळंत झाली, सकाळींच मुलगा झाला; घरीं चहा घेतल्याशिवाय जाऊं नका. दोषाची गोष्ट त्यांनीं काढलीच नाहीं, आणि आम्हांसहि काढूं दिली नाहीं.

पुढच्या आठवड्यांत मळणी झाली आणि एका लहान ट्रकांतून आमच्या वांट्याचें धान घरीं आलें. पोतीं बारा. आमच्या मंडळींनीं संवयीप्रमाणें प्रत्येक पोत्यांत हात घालून मूठभर दाणे सुपांत घेतले आणि त्या गप्प झाल्या. मग त्यांनीं आम्हांस हांक मारली. दाणा स्वच्छ, पिवळा होता; एकहि काळा नव्हता. ज्या शेताचा निम्मा कडपा आम्हीं डोळ्यांनीं बुडालेला पाहिला होता, त्या शेताचें हें धान! ट्रकाबरोबर आलेल्या पोरास विचारलें. तो सहजपणें म्हणाला, “चांगलं बारा पोते निंगालं, कारं बारा पोते. चांगलं तुमचं.”

त्या दुपारीं आम्हांस जेवण गेलें नाहीं. आम्हांस निवृत्तिवेतन आहे. पुतणे मिळवते आहेत. ते धान आम्हांस मिळालें नसतें तर घरांत बोलण्यापलीकडे कांहीं फरक पडला नसता. त्यांच्या घरीं मात्र खाणारीं सात माणसें, आतां आठवें आलेलें, आणि कोठींत काळें धान. बाजारांत त्याला कोणी उभें करणार नाहीं, आणि सरकारी खरेदीच्या केंद्रावरहि तें घेतलें जाणार नाहीं. हवामानाच्या नकाशावर वादळाची वाट एका बाणानें दाखवितात. तो बाण आमच्या वाड्यावरून आणि मामाजींच्या घरावरून सारखाच गेला होता. पण आमच्या घरीं तो पन्हळींतल्या पाण्याचा आवाज झाला, आणि त्यांच्या घरीं वर्षाचें अन्न घेऊन गेला. हा फरक कोणत्याहि वेधशाळेच्या नकाशावर दिसत नाहीं. तो कळण्यास सुपांतले दाणेच पाहावे लागतात.

सहा पोतीं परत पाठवावीं हें घरांत एका क्षणांत ठरलें. पाठवावीं कशीं, हा प्रश्न होता. पस्तीस वर्षांत मामाजींनीं आमच्याकडून उसनी पायलीहि घेतलेली नव्हती. पैसे देऊं केले असते तर ते पुढच्या वर्षीं शेत करते ना. अखेर काकूंनींच तोड काढली. त्यांनीं आपल्या जुन्या पैठणीच्या मऊ अस्तराचीं दुपटीं शिवविलीं, एक गोधडी काढली, लोंकरीचें टोंपडें विणलें आणि म्हणाल्या, “बारशाला जा. पोतीं बाळंतविड्याबरोबर ने. मालकानें दिलेलें परत करतां येतें. पणजीनें बाळाला पाठविलेलें परत करीत नाहींत.”

११ नोव्हेंबरला बारसें होतें. कार्तिकी पौर्णिमा होऊन आठवडा झाला नव्हता, आणि त्याच सुमारास तिसरा पाहुणा आला. वादळाचे ढग केव्हांच पांगले होते. उत्तरेकडील राज्यांत थंडी पडल्याच्या बातम्या येत होत्या. सायंकाळीं आम्ही खेड्यांत उतरलों तेव्हां वारा पूर्णपणें फिरला होता. तो तोंडावर येत होता, कोरडा, धारदार. त्यांत रानांतल्या वाळत्या गवताचा वास होता. आम्हांस उगाच वाटलें कीं हा जर पंधरा दिवस आधीं आला असता! परंतु तो कोणाच्या रजेप्रमाणें येत नाहीं.

रात्र तेथेंच काढली. बाळ लहान होतें. वजन अडीच किलोच्या आंतलें. अंधार पडल्यावर गांवांतील आशा-ताई तपासावयास आल्या. त्यांनीं प्रथम आपले हात चुलीपाशीं शेकून ऊन केले, मग बाळाच्या पोटाला आणि पायांच्या तळव्यांना हात लावला. पोट ऊन आणि पाय गार लागले तर बाळाला थंडी वाजते आहे असें समजावें, आणि दोन्ही गार लागलीं तर वाट न पाहतां दवाखाना गांठावा, असें त्यांनीं आजीला पुन्हां एकदां समजावून दिलें. बाळाला आईच्या उघड्या छातीशीं लावून वरून दोघांवर पांघरूण घालावें, डोकें झांकावें, खोलींत धूर करूं नये, असें सांगून त्यांनीं काकूंचें टोंपडें स्वतःच्या हातानें घातलें. हें सारें ज्ञान याच मुलखांत तपासलें गेलें आहे, हें वाचकांस ठाऊक असेल. गडचिरोलीच्या ‘सर्च’ संस्थेंत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांनीं ३९ खेड्यांत गांवच्याच स्त्रियांना शिकवून घरोघर नवजात बालकांची काळजी घेतली. तिसऱ्या वर्षीं तेथील नवजातांचें मृत्युप्रमाण, तुलनेच्या खेड्यांशीं ताडून पाहतां, सुमारें ६२ टक्क्यांनीं कमी झालेलें आढळलें. १९९९ सालीं ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकांत तें प्रसिद्ध झालें. बाळाला ऊब देणें हा त्या कामाचा एक भाग होता. रात्रीचें तापमान १० अंशांवर किंवा त्याखालीं येऊन नेहमीपेक्षां साडेचार अंशांनीं उतरलें म्हणजे सपाट प्रदेशांत हवामानखातें ‘थंडीची लाट’ म्हणतें. परंतु अडीच किलोच्या जिवाची लाट त्याच्या पुष्कळ आधीं सुरू होते.

आम्ही ओसरीवर बाजेवर पडलों होतों. बाज ठेंगणी होती. बत्तीस वर्षें जें हंसत शिकविलें, तें त्या रात्रीं पाठीला खालून लागत होतें. आंत बाळ मधून मधून कुरकुरत होतें, आणि प्रत्येक वेळीं कोणी तरी उठून त्याचे पाय चांचपून पाहत होतें.

सकाळीं वैनगंगेच्या बाजूस दाट धुकें होतें. आम्हीं पोतीं उतरविण्यास सांगितलें आणि काकूंचा निरोप शब्दशः कळविला. मामाजी बराच वेळ बोलले नाहींत. मग त्यांनीं दोन्ही हात जोडले, आमच्यासाठीं नव्हे, चंद्रपूरच्या दिशेनें काकूंसाठीं. “बाईंचं परत नाई करत,” ते म्हणाले. आम्हांस हायसें वाटलें. पण त्यांनीं मुलाला आंत पाठविलें आणि कोठींतून सहा पोतीं काळें धान काढवून आमच्या गाडींत ठेवविलें. आम्ही चकित होऊन पाहत राहिलों. ते म्हणाले, “सहा चांगले मायाकडे, तं सहा कारे तुमच्याकडे. बटई मनजे बटई, भाऊ.”

आम्हांस तेव्हां कळलें कीं, आम्ही उपकार करावयास आलों होतों आणि त्यांनीं आम्हांस भागीदार करून परत पाठविलें होतें.

तें धान आम्हीं भरडून घेतलें. त्याचे तांदूळ करडे, अर्धेअधिक कण्या; शिजतांना एक ओलसर वास येतो आणि भात मोकळा होत नाहीं. आमच्या मंडळींनीं तो टाकला नाहीं, किंवा गाईंनाहि घातला नाहीं. मार्गशीर्षापासून होळीपर्यंत आठवड्यांतून दोन दिवस तोच भात वाड्यांत शिजला. नागपूरहून आलेल्या धाकट्या बंधूंच्या मुलांनीं नाक मुरडून हा असा भात कां, म्हणून विचारलें. काकूंनीं उत्तर दिलें, “हें आपल्या वांट्याचें आभाळ आहे. जेवा.”

त्यानंतर आमच्या घरच्या खात्यांची फेररचना झाली आहे. सायंकाळीं सातच्या बातम्यांत हवामान सांगतात. तें ऐकून पुतण्या पुण्याहून ढगांचें चित्र कळवितो, दादा नक्षत्र सांगतात, काकू गुडघा सांगतात. आमच्या खात्याकडे आतां निकाल देण्याचें काम राहिलेलें नाहीं. आम्ही एवढेंच करतों कीं, हें सारें मामाजींना फोनवरून कळवितों आणि विचारतों, “तुमचं आभार काय म्हणते?” ते बाहेर जाऊन पाहून येतात, आणि काय करावयाचें तें सांगतात. शेवटीं बाळाचे पाय ऊन आहेत कीं नाहींत, तेंहि सांगतात.